पहिलं बाळ रडलं नाही. आता दुसऱ्या खेपेला काय जपायचं?

गुहागर तालुक्यातल्या, दाभोळ खाडीच्या काठच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी झालं. तारीख उलटून आठ दिवस गेले म्हणून सकाळी सलाईनमधून कळांचं औषध लावलं. दुपारनंतर कळा थांबेचनात, पाणी हिरवं गेलं, शेवटी सिस्टरने पोटावर जोर दिला तेव्हा बाळ बाहेर आलं. गळ्यात नाळेचे दोन वेढे होते. बाळ रडलं नाही. पाय धरून उलटं केलं, पाठीत थोपटलं, मग गाडी करून मोठ्या दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी झटके आले. ११ दिवस बाळ काचेत होतं. सुटीच्या कागदावर ‘एचआयई, दुसरी पायरी’ असं लिहिलं आहे, म्हणजे जन्माच्या वेळी प्राणवायू कमी पडून मेंदूला झालेली मध्यम इजा. नातू आता दोन वर्षांचा आहे. मान उशिरा धरली, आधार दिला तर बसतो. लेक नालासोपाऱ्याला राहते. तिला पुन्हा सातवा लागला आहे, हिमोग्लोबिन ८.८ आहे आणि तारीख ऐन गणपतीतली आहे. ताई विचारतात: वेढ्यांमुळे झालं की ग्रहण पाळलं नाही म्हणून? पुन्हा होईल का? या वेळी सरळ सिझरच करून घ्यावं का? आणि तिला इकडे आणावं की नाही?

ताई, ग्रहणाचं आधी निकालात काढते. ग्रहणाने बाळाच्या मेंदूला काही होत नाही. लेकीने त्या दिवशी भाजी चिरली असेल, खिडकीत उभी राहिली असेल, तर ते तिच्या मनातून काढून टाका. तुम्ही स्वतः तिला सांगा, कारण हा ठपका बहुतेक घरातूनच आलेला असतो आणि घरातल्या मोठ्या माणसाने पुसला तरच पुसला जातो.

वेढ्यांचंही तसंच. साधारण चार-पाच बाळांपैकी एकाच्या गळ्यात वेढा असतो. खणखणीत रडत येणाऱ्या बाळांच्या गळ्यातला वेढा सिस्टर बोटाने सोडवते आणि घरच्यांना सांगतही नाही. बाळाला त्रास झाला की मात्र वेढा लक्षात राहतो, कारण तो डोळ्यांना दिसतो. फार घट्ट वेढा त्रास देऊ शकतो, पण तुमच्या हकिकतीत त्याच्यापेक्षा वजनदार पाच गोष्टी आहेत. त्या कळण्यासाठी बाळाला पोटात प्राणवायू कसा मिळतो हे थोडं बघावं लागेल.

बाळाची फुप्फुसं तेव्हा काम करत नसतात. सगळा प्राणवायू आईच्या रक्तातून वारेत आणि वारेतून नाळेने बाळाकडे जातो. कळ आली की गर्भपिशवीचा स्नायू आवळतो, वारेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि तेवढा वेळ पुरवठा जवळजवळ थांबतो. कळ उतरली की पुन्हा सुरू होतो. समुद्रात उभा माणूस लाट डोक्यावरून जाताना श्वास धरतो आणि दोन लाटांच्या मध्ये घेतो, तसं बाळ दर कळेला करतं. धडधाकट बाळाला याचं काही वाटत नाही, त्यासाठी लागणारा साठा त्याच्या अंगात असतो. बिघडतं ते तीन वाटांनी. बाळाकडे साठाच कमी असतो, किंवा दोन कळांच्या मध्ये उसंतच मिळत नाही, किंवा एखाद्या अपघाताने पुरवठा एकदम तुटतो. माझ्या पाहण्यात बहुतेक वेळा यातल्या पहिल्या दोन वाटा एकत्र आलेल्या असतात, आणि त्यांच्या जोडीला हे कुणी वेळेवर ओळखलेलं नसतं.

आता तुमच्या लेकीची पहिली खेप. मी कागद पाहिलेले नाहीत, त्यामुळे कुणाची चूक यावर निकाल देणार नाही. तुम्ही सांगितलंत त्यावरून बोलते.

तारीख उलटली होती. ४० आठवड्यांच्या पुढे वार हळूहळू थकते, गर्भजल कमी होतं, बाळ पोटातच शी करण्याची शक्यता वाढते. ४१ आठवडे झाले की आम्ही वाट न पाहता कळा सुरू करून देण्याचा विचार करतो, आणि ४२ च्या पुढे तर कुणीच जाऊ देऊ नये. म्हणजे औषध लावायला कारण होतं. मात्र ‘आठ दिवस उलटले’ हे कुठल्या तारखेवरून ठरलं ते मला पाहावं लागेल. आपल्याकडे अजून पुष्कळ बायका पाळी अमक्या सणाच्या पुढेमागे आली होती असं सांगतात, आणि सोनोग्राफी पहिल्यांदा होते ती पाचव्या-सातव्या महिन्यात. पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी तारखेला आठवड्याच्या आत बरोबर असते. शेवटच्या महिन्यातली दोन-तीन आठवडे इकडे-तिकडे होऊ शकते. तारीख चुकली तर एक तर तयार नसलेल्या पिशवीला औषध लागतं, नाही तर खरोखर दिवस उलटलेलं बाळ पोटात राहतं.

पाणी हिरवं गेलं होतं. १०० बाळंतपणांत १०-१५ वेळा असं होतं आणि त्यातली बहुतेक बाळं छान असतात. पण हिरवं पाणी म्हणजे या बाळाचे ठोके आता जास्त लक्ष देऊन ऐका, अशी सूचना. दाट, मटाराच्या आमटीच्या रंगाचं पाणी आणि वर ठोके उतरणारे असतील तर ती सूचनाही राहत नाही, तिथे निर्णय घ्यावा लागतो.

आणि कळा थांबेचनात. ताई, सगळ्या हकिकतीत मी अडखळले ती याच वाक्यापाशी.

कळांचं औषध म्हणजे ऑक्सिटोसिन. औषध वाईट नाही, रोज वापरतो. पण ते थेंबांनी द्यायचं असतं. ५०० मिलीच्या बाटलीत ५ युनिट घालून अगदी कमी थेंबांनी सुरुवात करायची, नळीतले थेंब घड्याळाकडे बघत मोजायचे, अर्ध्या तासाने गरज असेल तरच वाढवायचे. एक हात बाईच्या पोटावर, बेंबीच्या वर, पूर्ण दहा मिनिटं ठेवायचा. पोट किती वेळा ताठ होतं, किती सेकंद ताठ राहतं, आणि मध्ये पूर्ण सैल होतं की नाही, हे हाताला कळतं. दहा मिनिटांत तीन ते चार कळा, प्रत्येक चाळीसेक सेकंदांची, एवढं पुरे. पाचाच्या वर गेल्या, किंवा मध्ये पोट सैलच होईना, की थेंब बंद, बाईला कुशीवर वळवायचं, ठोके ऐकायचे. गरज पडली तर पिशवी सैल करणारं इंजेक्शन. एवढंच काम आहे, पण त्याला माणूस लागतो. एक सिस्टर, तीन बायका, एक ओपीडीतून बोलावणं, आणि मध्ये बाटली आपोआप चालू, असं जिथे होतं तिथे बाळ दुपारभर श्वास न घेता काढतं. बाहेरून दिसतं काय, तर ‘कळा छान येतायत’.

याहून वाईट म्हणजे हेच औषध बाळंतपणाआधी स्नायूत टोचणं. ‘एक सुई मारा, लवकर मोकळी होईल’ असं नातेवाईकच म्हणतात, हे मी अनेकदा ऐकलं आहे. स्नायूत गेलेलं औषध परत काढता येत नाही, थेंब बंद करायची सोयच उरत नाही. बाळ बाहेर येण्यापूर्वी ही सुई कधीही घेऊ नये. पण नीट लक्षात ठेवा, बाळ बाहेर आल्यावर लगेच दहा युनिटची हीच सुई मांडीत देतात आणि ती घ्यायलाच हवी. त्याने आईचा रक्तस्राव आटोक्यात राहतो. अर्धवट ऐकून ती नाकारू नका.

तुमच्याकडे तारीख गणपतीतली आहे म्हणून आणखी एक सांगते. दर वर्षी भाद्रपद जवळ आला की घरून मागणी येते, ‘चतुर्थीच्या आधी मोकळी करून टाका डॉक्टर, नाहीतर घरात सोयर येईल.’ मला सोयर-सुतकाची थट्टा करायची नाही, मीही याच मातीतली आहे. पण पिशवीचं तोंड तयार नसताना सणासाठी कळा आणायच्या म्हणजे जास्त औषध, जास्त तास आणि बाळावर जास्त ताण. गणपती शेजारच्या घरी बसवता येतात, चुलतभावाला पूजा सांगता येते. त्याच्यासाठी डॉक्टरवर दबाव आणू नका.

पोटावर जोर देण्याबद्दल: कोपर लावून, कधी कधी स्टुलावर चढून पोट दाबण्याची पद्धत आजही दिसते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शनात ती करू नका असंच म्हटलं आहे. त्याने बाळाचा पुरवठा आणखी दाबला जातो, पिशवीला इजा होऊ शकते, आणि मुख्य म्हणजे जिथे बाळ खरोखर अडलं आहे तिथे व्हॅक्यूम किंवा फोर्सेप्सने बाळ ओढून काढण्याचा किंवा सिझरचा निर्णय लांबतो. तोंड पूर्ण उघडल्यावर पहिलटकरणीला तीन तासांपर्यंत आणि दुसऱ्या खेपेच्या बाईला दोन तासांपर्यंत वेळ लागू शकतो, पण त्या काळात ठोके दर पाच मिनिटांनी ऐकायचे असतात. त्याआधी, कळा जोरात सुरू झाल्यापासून, दर १५ ते ३० मिनिटांनी. मिनिटाला ११० ते १६० हा नेहमीचा आकडा. कळ उतरल्यानंतरही ठोके खाली राहत असतील तर ते महत्त्वाचं, म्हणून कळेच्या शेवटी आणि नंतर मिनिटभर ऐकायचं असतं. मधल्या निवांत वेळात ऐकून ‘१४०, छान’ लिहिणं सोपं, पण त्याचा उपयोग नाही. यासाठी मोठं यंत्र लागत नाही. ठोके ऐकवणारा, हातात मावणारा डॉपलर आणि तो लावणारं माणूस एवढं कुठल्याही ग्रामीण रुग्णालयात होऊ शकतं.

पाचवी गोष्ट पहिल्या मिनिटाची. न रडणाऱ्या बाळाला पाय धरून उलटं करणं, थोपटणं, थंड पाणी मारणं, यात तो मिनिट जातो. बाळ कोरडं करायचं, ऊब द्यायची, मान सरळ ठेवायची, पाठ चोळायची, आणि तरी श्वास नसेल तर मिनिटाच्या आत बाळाच्या मापाचा मास्क तोंडानाकावर घट्ट बसवून अंबू बॅगने, म्हणजे हाताने दाबायच्या रबरी पिशवीने, हवा द्यायची. साधी हवाच पुरते, सुरुवातीला प्राणवायूची नळीसुद्धा लागत नाही. १०० पैकी ५ ते १० बाळांना या ना त्या मदतीची गरज लागते आणि त्यातली बहुतेक एवढ्यावरच श्वास घेतात. २००९ पासून नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमात सिस्टर आणि डॉक्टरांना हेच शिकवतात. शिकवलेलं हाताला बसलं आहे की नाही, हा वेगळा प्रश्न.

हिमोग्लोबिनचं तुम्ही आत्ताचं लिहिलंत, पहिल्या वेळचं नाही. मला वाटतं तेव्हाही कमीच असावं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या निम्म्याहून जास्त गर्भवतींमध्ये रक्त कमी आढळलं, आणि आपल्या किनाऱ्यावर मासे-नाचणी खाऊनही ते चुकत नाही. आईच्या रक्तात प्राणवायू वाहणारंच कमी असेल तर बाळाचा साठा कमी. ८.८ म्हणजे घाबरण्यासारखं नाही, पण सातव्या महिन्यात गोळ्यांवर विसंबून राहण्याइतका वेळही नाही. शिरेतून लोहाचं इंजेक्शन देता येतं, दोन-तीन आठवड्यांत फरक दिसतो. गोळ्या चालू असतील तर चहाबरोबर नको, लिंबू-आवळ्याबरोबर घ्यायच्या.

या हकिकतीत नसलेल्या पण माहीत असाव्यात अशा आणखी गोष्टी थोडक्यात. रक्तदाब १४०/९० च्या वर, सोबत डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, छातीखाली दुखणं. साखरेचा आजार: बाळ मोठं होतं आणि डोकं आल्यावर खांदे अडकतात. थायरॉइड. बाळाची वाढ खुंटणं: दर भेटीला टेपने पोट मोजलं तर २४ आठवड्यांनंतर सेंटिमीटरचा आकडा आठवड्यांच्या जवळपास असतो, मागे पडला की बाळाचा रक्तपुरवठा बघणारी डॉपलर सोनोग्राफी. कळांमध्ये ताप, किंवा पाणी फुटून बराच वेळ झालेला. जुळी. पायाळू बाळ. हे सगळं असलं म्हणजे बाळाला इजा होणारच असं मुळीच नाही. एवढंच, की त्या बाईचं बाळंतपण उपकेंद्रात नको.

आणि पुरवठा एकदम तुटणारे अपघात. वार आधीच सुटली तर पोट सतत ताठ आणि दुखरं राहतं, कळ उतरत नाही, रक्त जातं किंवा आतच साठतं. पाणी फुटताना नाळ खाली सरकली तर योनीत दोरीसारखं काही लागतं. असं झालं तर नाळ आत ढकलायची नाही, बाईला गुडघे आणि छाती टेकवून, कंबर उंच अशी ठेवायची आणि त्याच स्थितीत गाडीत घालायची. आधीच्या सिझरची शिवण कळांमध्ये उसवण्याचा धोका साधारण २०० मध्ये एक. पुरवठा पूर्ण तुटला तर दहा मिनिटांच्या पुढे मेंदूच्या पेशी मरायला लागतात. घाट आणि खाडी मध्ये असताना हे गणित जमत नाही. म्हणूनच ज्यांना धोका जास्त त्यांनी आधीपासूनच ऑपरेशन थिएटरच्या जवळ असावं, एवढाच त्यावर उपाय.

मग सगळा दोष बाळंतपणाच्या खोलीचाच का? हा वाद जुना आहे. १८६२ मध्ये लंडनच्या विल्यम लिटल या डॉक्टरने अवघड बाळंतपण आणि मुलांच्या हातापायांचा कडकपणा यांचा संबंध मांडला. १८९७ मध्ये सिग्मंड फ्रॉइडने, तोच पुढे मनोविश्लेषणामुळे गाजलेला, उलटी शंका काढली: बाळ आधीच पोटात बिघडलं असेल आणि म्हणून बाळंतपण अवघड झालं असेल तर? १९९८ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. मेंदूवर परिणाम दिसलेल्या नवजात बाळांपैकी सुमारे ७० टक्के बाळांच्या बाबतीत जोखमीच्या गोष्टी फक्त कळा सुरू होण्याआधीच्याच होत्या. फक्त कळांदरम्यानचं कारण पाचएक टक्क्यांतच सापडलं. फ्रॉइडचं म्हणणं बरंचसं खरं निघालं म्हणायचं. पण हा आकडा जसाच्या तसा कोकणात आणून ‘बघा, आमच्या हातात काही नव्हतं’ असं म्हणणारे डॉक्टर भेटले तर मान डोलावू नका. तिथे कळांमध्ये प्रत्येक बाईजवळ कुणीतरी ठोके ऐकायला बसलेलं असतं. जिथे ते नसतं तिथे खोलीतल्या कारणांचा वाटा वाढणारच.

पुन्हा होईल का? बहुतेक नाही. हा आजार घराण्यात उतरत नाही. पुन्हा तेच कारण राहिलं, म्हणजे दाब, साखर, वारेतला दोष, रक्त कमी, तर धोका राहतो. तुमच्या लेकीचं जे दिसतंय ते जवळजवळ सगळं टाळण्याजोगं आहे. शिवाय एकदा खालून बाळंतपण झालेल्या बाईला दुसऱ्या वेळी वेळ कमी लागतो, ड्रिपची गरज बऱ्याचदा पडतच नाही. उलट एक काळजी: लवकर होतं म्हणून निघायला उशीर करू नका.

सिझर? केवळ मागच्या भीतीपोटी मी सुचवणार नाही. गेल्या काही दशकांत जगभर सिझरचं प्रमाण कित्येक पटींनी वाढलं, ठोक्यांचा आलेख काढणारी यंत्रं गावोगावच्या दवाखान्यांत आली, तरी सेरेब्रल पाल्सीचं, म्हणजे लहानपणीच मेंदूला इजा होऊन हालचालीवर परिणाम होण्याचं, प्रमाण हजारी दोनच्या आसपास बराच काळ तसंच राहिलं. सिझरने पुढच्या खेपेला पिशवीवर व्रण राहतो आणि वार खाली चिकटण्याचा धोका येतो. पण हे मी कागदावरचं बोलते. लेक कळांच्या खोलीत पाऊल ठेवायलाच घाबरत असेल, रात्ररात्र झोपत नसेल, तर तेही डॉक्टरसमोर मोकळेपणाने मांडावं, तेही एक कारण असू शकतं. ३९ आठवड्यांच्या आधी मात्र विनाकारण नको.

आता आणावं की नाही. ताई, माझं स्पष्ट मत असं: सातव्या-आठव्या महिन्यात आणणार असाल तर आणा, नाहीतर तिला तिकडेच राहू द्या आणि तुम्ही जा. गणपतीला चाकरमानी निघतात तेव्हा मुंबई-गोवा हायवेवर गाड्या तासन्‌तास उभ्या असतात, रेल्वेत पाय ठेवायला जागा नसते. ३७-३८ आठवड्यांच्या बाईला त्यात घालू नका. मुंबईहून उशिरा आलेल्या बायकांचं आणखी एक होतं. तपासण्या तिकडे, फाईल तिकडे, आणि कळा इकडे. रात्री दोन वाजता जी बाई समोर येते तिचा रक्तगटही आम्हाला माहीत नसतो.

आणलीत तर ३४ आठवड्यांच्या आत आणा आणि जिथे बाळंतपण होणार त्याच ठिकाणी नाव घाला, त्याच डॉक्टरला दोन-तीनदा दाखवा. सरकारी केंद्रांत दर महिन्याच्या ९ तारखेला गर्भवतींची खास तपासणी असते, तीही चुकवू नका. तुमच्या गावापासून चिपळूण चाळीस-पन्नास किलोमीटर, रात्री फेरीबोट नाही, पावसात रस्त्यावर झाड पडलं की सगळं ठप्प. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूण बाजारात शिरलं तेव्हा दवाखानेही पाण्यात होते, हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून ३७ आठवडे झाले की लेकीला चिपळूण, सावर्डे किंवा रत्नागिरीत, जिथे नाव घातलं त्याच्या जवळ, एखाद्या नातेवाइकाकडे ठेवा. महिनाभर पाहुणी म्हणून राहिली तर कुणी काही म्हणत नाही.

दवाखाना निवडताना इमारत बघू नका. विचारा: भूल देणारे डॉक्टर रात्री दोनला किती मिनिटांत येतात? सिझर ठरल्यापासून अर्ध्या तासात बाळ बाहेर येऊ शकतं का? रक्त इथेच मिळतं की आणावं लागतं? कळांमध्ये ठोके कोण ऐकतं आणि कागदावर लिहितं का? बाळाची अंबू बॅग खोलीतच आहे का? बालरोगतज्ज्ञ बाळंतपणाच्या वेळी हजर राहतील का, की नंतर बोलवतील? चांगला डॉक्टर या प्रश्नांवर चिडत नाही. चिडला तर दुसरीकडे जा.

घरी लेकीने रोज लक्ष ठेवायचं ते बाळाच्या हालचालीवर. प्रत्येक बाळाची लय वेगळी असते, तिची तिला कळते. ती लय कमी वाटली तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, दाखवायचं. ‘साखरपाणी पी, सकाळी बघू’ नको. झोपताना उताणी नाही, कुशीवर. कळा, पाणी, रक्त, डोकेदुखी, यांपैकी काहीही झालं की १०८. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त आणि ने-आण मोफत आहे, आजारी नवजात बाळाचे उपचारही.

नातवाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण लिहिते. बाळाला वेळेत थंड ठेवण्याचा उपचार मिळाला असता तर तो बरा झाला असता, असं कुणी सांगितलं असेल तर ते मनाला लावून घेऊ नका. ३३ ते ३४ अंशांवर ७२ तास ठेवायचा हा उपचार जन्मानंतर सहा तासांत सुरू करावा लागतो आणि श्रीमंत देशांत त्याचा फायदा सिद्ध झाला आहे. पण भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या ४०८ बाळांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याने फायदा दिसला नाही, उलट मृत्यू जास्त झाले. आपल्याकडे याचा निर्णय अजून जपूनच घेतला जातो. आज त्याच्यासाठी जे आहे ते व्यायाम, बोलणं-गिळणं शिकवणारी थेरपी, डोळे-कान तपासणी, झटक्यांचं औषध नियमित. जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र निदान व उपचार केंद्रात दाखवा, तिथे मोफत आहे. दोन वर्षांच्या मुलात अजून पुष्कळ होण्यासारखं असतं, पण महिन्यातून एकदा नेऊन भागत नाही. शिकवलेले व्यायाम घरी रोज करावे लागतात.

शेवटी कागद. पहिल्या बाळंतपणाचे पूर्ण केसपेपर मागा, फक्त सुटीचा कागद नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागितल्यावर डॉक्टरने ७२ तासांत नोंदी द्यायच्या असतात आणि तीन वर्षं जपायच्या असतात. नातू दोन वर्षांचा आहे, म्हणजे अजून मिळतील, पण फार लांबवू नका. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. ठोक्यांच्या नोंदी, ड्रिपचे थेंब आणि वेळा, तोंड किती उघडलं त्याचा तक्ता, बाळाचा अपगार गुणांक (जन्मल्याबरोबर रंग, श्वास, ठोके बघून दिलेले गुण), आणि मोठ्या दवाखान्यातला एमआरआय झाला असेल तर त्याची फिल्म, हे सगळं एका फाईलमध्ये लावा. लेकीचं माता बाल संरक्षण कार्ड आणि नालासोपाऱ्याच्या तपासण्या त्याच फाईलमध्ये. या आठवड्यात तिला तिथल्या डॉक्टरकडे ही फाईल घेऊन पाठवा आणि शिरेतल्या लोहाचं विचारायला सांगा. केसपेपर मिळाला नाही तरी लोहासाठी थांबू नका.